उपदेशाची तयारी उंबरठ्यावर

पनवेलला पाळक म्हणून आलो तेव्हा उपदेश म्हणजे जाड ग्रंथांतून काढलेले टिपण, अशी माझी समजूत होती. एका रविवारी 'कष्टाचे फळ' या विषयावर मी पाऊण तास बोललो. उपासनेनंतर एक आजी दारात थांबल्या. म्हणाल्या, "पाळकसाहेब, शेवटच्या बाकावरच्या त्या गृहस्थांचा कारखाना बंद पडला. तीन महिने घरी बसलेत. त्यांना काय वाटलं असेल?"

मला ते ठाऊकच नव्हते! संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. काही बोललो नाही, नुसता ऐकत बसलो.

तेव्हापासून तीन नियम पाळतो. शनिवारपर्यंत निदान पाच घरी जाऊन यायचे. उपदेशात मुद्दा एकच, वेळ वीस मिनिटे. आणि लिहिलेले आधी पत्नीला वाचून दाखवायचे. तिला न कळलेले वाक्य खोडायचे.

ही वाट आपल्याकडे जुनीच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) भजन-कीर्तनातून ख्रिस्त सांगितला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले. दोघांनीही ऐकणाऱ्याची भाषा आधी ओळखली.

त्या गृहस्थांना पुढे काम लागले. माझ्या उपदेशाने नव्हे, मंडळीतल्या एकाने शब्द टाकला म्हणून. पण शब्द टाकायला, त्यांची अडचण कुणाला तरी आधी कळावी लागते. पाळकाचे काम तिथून सुरू होते.