खुर्चीचे माप

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



फळ्यावर ‘खुर्ची’ हा विषय वाचून दोघीतिघींनी मला दारातच विचारले, “काय बाई, यंदा निवडणुकीला उभ्या राहता की काय?” तेव्हा पहिल्यानेच सांगून टाकते, की मी बोलणार आहे ती खुर्ची चार पायांची, लाकडाची नाहीतर लोखंडाची, जिच्यावर बसून आपल्या लेकीसुना दिवसाचे आठआठ तास काम करतात, ती.

माझा सारा जन्म शिवणवर्गात गेला. गळ्यात टेप अडकवल्याशिवाय मला घराबाहेर पडल्यासारखे वाटत नाही. या टेपेने मला एक गोष्ट शिकवली आहे. पोलके दंडात घट्ट झाले, तर कोणतीही बाई “माझा दंडच चुकीचा आहे” असे म्हणत नाही. ती सरळ शिंप्याकडे जाते आणि उसवून मागते. स्वयंपाकाचा ओटा बांधतानासुद्धा आपण गवंड्यापुढे उभ्या राहून कोपर दाखवतो, “याच्या खाली चार बोटे ठेवा” म्हणून. पण खुर्चीवर बसून कंबर भरून आली, पायाला मुंग्या आल्या, खांदे दुखले, तर मात्र आपण म्हणतो, “माझी पाठच मेली नाजूक!” खुर्चीचे माप चुकले असेल, हे आपल्या मनातही येत नाही. मला आज एवढेच सांगायचे आहे, की दोष पाठीला देण्यापूर्वी एकदा टेप हातात घ्या.

आमच्या शेजारच्या घरातली गोष्ट सांगते. २०२० साली टाळेबंदी झाली, तेव्हा त्या घरचा मुलगा आणि सून पुण्याहून परभणीला आली. दोघांचेही काम संगणकावरचे. मुलाने स्वतःसाठी मोठी, उंच पाठीची, चाकांची खुर्ची मागवली. सून जेवणाच्या मेजावर, जेवणाच्या खुर्चीत बसू लागली. पंधरा दिवसांत तिची पाठ धरली. सासूबाई स्वभावाने वाईट नाहीत. पण त्यांनी उभे आयुष्य वाकून झाडलोट आणि धुणे केलेले. त्या म्हणाल्या, “बसून तर काम आहे, त्यात दुखायचे काय?” मुलगा समजूतदार होता. त्याने आपली महागाची खुर्ची तिला दिली आणि स्वतः साध्या खुर्चीवर बसला. आणि तरीही तिची पाठ थांबेना! मग मात्र घरात उघडच बोलणे सुरू झाले, की हे सारे कामाच्या कंटाळ्याचे दुखणे आहे.

मैत्रिणींनो, त्या मुलीचे दुखणे खरे होते. नवरा पावणेसहा फूट, ती जेमतेम पाच फूट. ती त्या खुर्चीत मागे टेकून बसली, की तिचे पाय अधांतरी लोंबत. पाय टेकवायचे म्हणून पुढे सरकली, की पाठ अधांतरी राही. उंची खुर्ची होती खरी, पण ती दुसऱ्याच्या अंगाची होती.

अशी गोष्ट एकाच घरातली नाही. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. बाजारातली खुर्ची आणि मेज मात्र बहुधा उंच पुरुषाच्या हिशोबाने, कित्येकदा परदेशी मापांवरून बेतलेली असतात. भारतीय माणसांच्या अंगाची मापे गोळा करून अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचे पुस्तक काढले. आणि कामाच्या खुर्चीसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली स्वतंत्र मानक ठरवले. काम माणसाच्या अंगाला जुळवून घेण्याच्या या शास्त्राला इंग्रजीत अर्गोनॉमिक्स म्हणतात. हे नाव एका पोलिश विद्वानाने १८५७ मध्येच सुचवले होते. आपल्या गावालाही हे शास्त्र नवे नाही. येथल्या कृषी विद्यापीठाच्या गृहविज्ञान महाविद्यालयात, ज्याला आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात, शेतात राबणाऱ्या बायकांचे कष्ट कसे हलके होतील याचा अभ्यास कितीतरी वर्षे चालला आहे. शेतातल्या बाईचे श्रम मोजावेत असे विद्वानांना वाटले, तर घरातल्या मेजावर बसणाऱ्या बाईचे माप आपण का घेऊ नये?

आता माप कसे घ्यावे ते सांगते. फक्त चार मापे आहेत. पोलक्याला याहून जास्त लागतात.

पहिले माप पायाचे. अनवाणी, किंवा घरात चप्पल घालत असाल तर ती घालून, बाकावर बसा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणापर्यंत टेप लावा. माझे हे माप साडेपंधरा इंच भरते. बैठकीची उंची एवढीच हवी, अर्धा इंच कमी चालेल. साधी खुर्ची बहुधा सतरा-अठरा इंच उंच असते. म्हणजे माझ्यासारखीचे पाय टेकतच नाहीत आणि बैठकीची कड मांडीखाली रुतत राहते. पायाला मुंग्या येतात त्या यामुळे.

दुसरे माप मांडीचे. पाठ भिंतीला लावून बसा आणि भिंतीपासून गुडघ्यामागच्या लवणापर्यंत मोजा. त्यातून दोन-तीन इंच वजा केले, की बैठक पुढून मागे किती असावी ते कळते. बुटक्या बाईला ती सोळा इंचांच्या आसपास पुरते. मोठ्या खुर्च्यांची अठरा-एकोणीस असते. शेजारच्या सुनेचे बिघडले होते ते मुख्यतः येथे. दुकानात टेप नसली तरी चालेल. मागे टेकून बसा आणि बैठकीची कड व पोटरी यांमध्ये तीन बोटे सहज जातात का पाहा.

तिसरे माप कमरेचे. आपला कणा सरळ काठीसारखा नाही. कमरेशी तो आतल्या बाजूला वळतो. खुर्चीच्या पाठीचा फुगवटा नेमका त्या वळणात बसला पाहिजे. तो वर पाठीत टोचला किंवा खाली माकडहाडाशी आला, तर असून नसल्यासारखा. स्वीडनमधील डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी १९६० नंतरच्या वर्षांत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तेथला दाब प्रत्यक्ष मोजला. पुढे १९९९ साली जर्मनीत पुन्हा तसे मोजमाप झाले. काही बाबतींत दोहोंचे आकडे जुळले नाहीत. परंतु पुढे वाकून बसल्यावर दाब वाढतो आणि मागे टेकल्यावर कमी होतो, हे दोन्हीकडे दिसले. जुन्या पेढीवरचे मुनीम गादीवर बसत, पाठीला लोड असे, आणि पुढ्यात उतरते, बुटके डेस्क. त्या बैठकीत सारे काही एकमेकांच्या मापाचे होते. आपण बैठक सोडून खुर्चीवर आलो खऱ्या, पण लोड तेवढा मागे विसरलो.

चौथे माप कोपराचे, आणि सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. बसल्यावर हात खाली सोडून कोपरात वाकवा आणि बैठकीपासून कोपर किती वर आहे ते मोजा. माझे आठ इंच येते. आता हिशोब पाहा. साडेपंधरा आणि आठ, झाले साडेतेवीस. मेज असते साडेएकोणतीस-तीस इंचांचे. म्हणजे खुर्ची माझ्या पायाच्या मापाची घेतली, तर मेज माझ्या कोपराच्या सहा इंच वर जाते, आणि दिवसभर खांदे उचलून लिहावे लागते. मान आणि खांदे आखडतात ते यापायी. मग खुर्ची वर करावी, तर पाय लोंबतात!

यावर उपाय दोनच. मेजाचे पाय कापता येत असतील तर कापावेत. ते जमत नसेल, तर खुर्ची एकवीस इंचांपर्यंत वर घ्यावी आणि जमीन वर आणावी. जमीन वर आणावी म्हणजे पायाखाली साडेपाच इंचांचा भक्कम ठोकळा ठेवावा. एकावर एक पाट रचू नयेत, ते सरकतात. सुताराकडे उरलेल्या फळ्यांतून असा ठोकळा थोडक्या पैशांत होतो; त्याला पुढून किंचित उतार दिला तर पावलांना बरे वाटते.

शेजारच्या घरात आम्ही हेच केले. नवी खुर्ची घेतलीच नाही. पाठीशी एक कडक उशी बांधली, म्हणजे बैठक आपोआप लहान झाली. कमरेच्या वळणात टॉवेलची गुंडाळी लावली आणि पायाखाली ठोकळा ठेवला. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती करीतच होती. महिन्याभरात तिला पुष्कळ उतार पडला. मला अधिक बरे वाटले ते याचे, की सासूबाईंनी स्वतः ठोकळ्यावर पाय ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, पोरीचं खरंच होतं की!” एका टेपेने त्या घरातले अविश्वासाचे बोलणे बंद झाले. पाठदुखीपेक्षा तेच तिला जास्त लागत होते.

नवी खुर्ची घ्यायचीच असेल, तर आणखी थोडे सांगते. चाकांच्या खुर्चीला खाली पाच फाटे असावेत. चार असल्या तर ती कलंडण्याची भीती जास्त. हात टेकायच्या दांड्या वरखाली होणाऱ्या असाव्यात, नाहीतर त्या मेजाला अडतात आणि खुर्ची आत जात नाही. पुष्कळ जणींना खुर्चीवरही एक पाय दुमडून बसायची सवय असते. त्यांनी दांड्या नसलेलीच घ्यावी. पदर चाकात जातो, तेव्हा तो खोचून बसावे. आपल्याकडे वैशाखात पारा बेचाळीसच्या वर जातो. त्यात रेक्झिनची बैठक म्हणजे शिक्षाच. वेताची किंवा जाळीची पाठ असली तर वारा खेळतो. आणि खुर्चीवर ‘अर्गोनॉमिक’ किंवा ‘ऑर्थोपेडिक’ अशी चिठ्ठी लावलेली आहे एवढ्यावर विसंबू नका. चिठ्ठी कोणालाही छापता येते. दुकानात दहा मिनिटे बसून पाहा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. बसायचे आपल्याला आहे.

यासोबत दोन गोष्टी लक्षात असू द्या. उत्तम खुर्चीतही सलग बसू नये. अर्ध्या तासाने उठावे, पाण्याचा तांब्या भरून आणावा, चार पावले चालावे. आणि पायात बधिरपणा आला, कळ पायाच्या खालपर्यंत जाऊ लागली, तर खुर्ची बदलत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. आज जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरीकडून कितीतरी मुली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी परभणीला येऊन राहतात. अभ्यासिकेत दहादहा तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. घरून आलेल्या पैशांत शुल्क, खोलीभाडे आणि डबा भागवतात. पाठ दुखते हे घरी सांगत नाहीत, कारण सांगितले तर “मग ये परत” असे उत्तर येईल अशी त्यांना भीती असते. पाठीच्या दुखण्यापायी एखादीचे शिक्षण सुटावे, आणि ते दुखणे एका लाकडी ठोकळ्याने थांबण्यासारखे असावे, याहून वाईट काय? मंडळाने या वर्षी वीस-पंचवीस ठोकळे करून घ्यावेत आणि आपल्या जवळपासच्या अभ्यासिकांत द्यावेत. मापे घ्यायला मी दर रविवारी सकाळी मंडळात येईन. टेप माझी, ठोकळे मंडळाचे.

आपण दुसऱ्यांच्या मापाने पुष्कळ दिवस जगलो. उंबरठा, ओटा, पायरी, खुर्ची, जे पुढ्यात आले त्यात स्वतःला बसवून घेतले आणि त्यालाच सोशिकपणा म्हटले. सोशिकपणा हा गुण आहे खरा. पण चुकीच्या मापाची खुर्ची सोसण्यात कोणाचेच कल्याण नाही.

आपण सर्वांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, आणि तेही याच मंडळाच्या अठरा इंची खुर्च्यांवर पाय लोंबकळत ठेवून.