दहा चेंडू

श्रोतेहो, पालघरच्या शार्दूल ठाकूरचे नाव आपण ऐकलेच असेल. बोईसरच्या शाळेकडून खेळणारा हा पोर बोरिवलीच्या दिनेश लाड सरांच्या नजरेत भरला. पण रोज गाडीने इतक्या लांब यायचे कसे? सरांनी त्याला आपल्या घरीच ठेवून घेतले. गुरुजनहो, ही काही लहान गोष्ट नव्हे!

ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला पहिली कसोटी लाभली. अवघे दहा चेंडू टाकले, आणि जांघेचा स्नायू दुखावला. पुढची संधी यायला सव्वादोन वर्षे गेली.

जानेवारी २०२१, ऑस्ट्रेलियातले ब्रिस्बेन. आपले सहा गडी १८६ धावांत बाद झालेले. गोलंदाजच तो, पण ६७ धावा काढून गेला; वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी झाली. शिवाय दोन्ही डावांत मिळून सात बळी! सामना आपण तीन गडी राखून जिंकला.