जुना ध्वनिवर्धक : डागडुजी कीं पुनर्रचना ?

(राजोडी येथील महोत्सवसमारंभांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं गतकाळाची आठवण करावी आणि पुढील काळाची तरतूदहि करावी, अशी आपली रीत आहे. या दोन्ही गोष्टी एका लहानशा वस्तूच्या रूपानें आमच्यापुढें उभ्या राहिल्या. तिची हकीकत सांगण्यासाठीं आम्ही आपला थोडा वेळ घेत आहों.

ती वस्तु म्हणजे आपल्या गांवांतील एका हौशी गृहस्थांनीं स्वहस्तें बांधलेला ध्वनिवर्धक. आपण सारे त्यास 'कर्ण्याची पेटी' म्हणत आलों. लग्नाच्या मांडवांत, सणाच्या दिवशीं आणि नाटकांच्या रात्रीं या पेटीनें अनेक वर्षें आवाज पुरविला. बांधणारे गृहस्थ आज हयात नाहींत, आणि पेटीहि मुकी होऊन माळ्यावर पडली होती. तिची डागडुजी करावी, कीं ती मोडून नव्यानें रचावी, हा निर्णय आमच्यावर सोंपविण्यांत आला. तरुण मंडळी म्हणत, खोका तेवढा ठेवा आणि आंत बाजारांतील तयार बोर्ड बसवा. वडील मंडळी म्हणत, एक स्क्रूहि हलवूं नका.

प्रथम आमच्या हातून घडलेली चूक सांगतों. उत्सुकतेच्या भरांत आम्हीं पेटी सरळ विजेस जोडली. क्षणांतच गुणगुण वाढली, उग्र वास सुटला आणि एक कंडेन्सर फुटला. याचें कारण असें : अशा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्यें ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो आणि शेजारीं द्रवानें भिजविलेला कागद असतो. नित्य वापरांत हा थर टिकतो. वर्षानुवर्षें पडून राहिल्यास तो क्षीण होतो व द्रव सुकतो. मग एकदम पूर्ण दाब आला कीं वीज आंतल्या आंत गळूं लागते व कंडेन्सर तापून फुटतो. यासाठीं जुनें यंत्र प्रथम सिरीज बोर्डावर, म्हणजे ६० वॉटच्या तारेच्या दिव्यामधून, चालू करावें. आंत दोष असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र बचावतें. या कामीं हल्लींचा एलईडी दिवा उपयोगी नाहीं.

चुकीनंतर आम्ही शहाणे झालों आणि कोणतें अंग मूळचें व कोणतें झिजणारें, याची परीक्षा करूं लागलों. आवाज कर्ण्याकडे पोंचविणारे दोन व्हॉल्व्ह ६एल६ जातीचे निघाले. हा व्हॉल्व्ह अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीनें १९३६ सालीं प्रथम आणला, आणि अशी जोडी सुमारें २५ वॉटांचा आवाज देऊं शकते. हे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथें आजहि तयार होतात. तेव्हां केवळ 'व्हॉल्व्ह जुने' म्हणून पेटी मोडण्याचें कारण नव्हतें.

अशा यंत्राचा खरा प्राण त्याच्या ट्रान्सफॉर्मरांत असतो. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा तांब्यालोखंडास खातो, म्हणून आम्हांस त्यांचीच धास्ती होती. मेगरनें मुख्य ट्रान्सफॉर्मरचें इन्सुलेशन तपासलें, तें चांगलें निघालें. सर्व व्हॉल्व्ह काढून तो सिरीज दिव्यांतून तासभर चालू ठेवला. दिवा मंद राहिला व ट्रान्सफॉर्मर कोमटहि झाला नाहीं. कर्ण्याकडील ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अर्ध्या वेटोळ्यांचा रोध जवळजवळ सारखा भरला. म्हणजे प्राण शाबूत होता.

मात्र लहान कंडेन्सर गळके झाले होते. ते तसेच ठेवले असते, तर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो दाब पोंचून प्लेट लाल झाली असती आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मरहि जळाला असता. कार्बनच्या कित्येक रेझिस्टन्सांचें मूल्य मूळच्याहून पुष्कळ वाढलें होतें. ग्रँट रोड स्थानकानजीकच्या लॅमिंग्टन रोडवर हें सारें सामान सहज मिळालें. येथवर डागडुजीचाच पक्ष बळकट होता.

परंतु विजेच्या प्रवेशाची बाजू पाहिली आणि आम्ही थबकलों. दोनच तारांची वायर, अर्थिंग नाहीं, आणि एका तारेपासून थेट पत्र्याच्या सांगाड्यास जोडलेला कंडेन्सर ! प्लग उलटा बसला कीं सांगाड्यांत, आणि त्याच्या वाटेनें मायक्रोफोनांतहि, वीज उतरे. तो कंडेन्सर बाद झाला असता, तर ओल्या अंगणांत अनवाणी उभ्या असलेल्या गायकाचे प्राणच गेले असते. हें बदलावें, तर बांधणाराच्या हातच्या कामास धक्का लागतो, असा वाद पुन्हा उठला.

तेव्हां आम्ही त्यांच्या पत्नींकडे गेलों. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "बाबांनो, हे पेटीला हात लावण्याआधीं नेहमी रबरी वहाणा घालीत. मुलांस तर जवळहि येऊं देत नसत."

या एका वाक्यानें वाद मिटला. दोष त्यांस ठाऊक होता. सामानाच्या टंचाईंत ते तो वहाणांनीं सांभाळीत होते. त्यांचें कौशल्य राखणें हा आदर होय. त्यांची अडचण राखणें हा आदर नव्हे. आम्हीं सांगाडा, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह व मूळ मांडणी ठेवली. झिजलेले भाग बदलले. आणि विजेच्या प्रवेशाची बाजू पूर्णपणें नवी बांधली. तीन पिनांचा प्लग, फ्यूज, पक्कें अर्थिंग, आणि बंद केल्यावर उरलेली वीज हळूहळू निचरणारा रेझिस्टन्स, इतकी भर घातली. तो घातकी कंडेन्सर काढून टाकला. पूर्वीच्या मांडणीचा कागद कोठेंच नव्हता. म्हणून नवा नकाशा काढून झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटविला आहे.

ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. ट्रान्सफॉर्मर शाबूत असून मांडणी समजत असेल, तर डागडुजी करावी. ट्रान्सफॉर्मर जळाला, पत्रा गंजानें पोखरला आणि ठिगळांवर ठिगळें पडून मूळ मांडणीच हरवली असेल, तर निःशंकपणें नवी रचना करावी. मात्र जेथें जिवास धोका आहे, तो भाग दोन्ही पक्षीं नवाच हवा. आंत ३५० व्होल्टांहून अधिक दाब असतो, आणि बंद पेटींतहि तो कांहीं वेळ टिकतो. म्हणून जाणत्या माणसावांचून झांकण उघडूं नये.

ज्या पेटींतून आमचें हें भाषण आपण ऐकत आहां, ती तीच आहे. किंचित् गुणगुण अजून आहे, ती आपणांस ऐकूं येतच असेल. पण समोरच्या रांगेंत बसलेलीं मुलें आज तिच्याजवळ जाऊं शकतात, आणि आम्हीं वहाणा घातलेल्या नाहींत.