सरंजाम आणि सार्वभौमत्व

सिंदेवाहीच्या श्रोत्यांना मालगुजारी समजावून सांगावयास नको. भोसल्यांच्या अमदानीत जो गावचा वसूल गोळा करी, त्यालाच पुढे इंग्रजांनी गावाचा मालक केले. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारातही असेच घडते.

१७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगीजांना सालिना बारा हजार रुपयांचा वसूल देऊ केला. १७८३ व १७८५ साली त्यासाठी दादरा-नगरहवेलीची गावे लावून दिली. १९५४ साली ती मुक्त झाली. तेथे जाण्यायेण्याचा हक्क मागत पोर्तुगालने १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला, आणि न्यायाधीशांपुढे एक मराठी दफ्तरी शब्द येऊन उभा राहिला: सरंजाम.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मानले की, मराठ्यांनी दिला तो वसूल, सार्वभौमत्व नव्हे. परंतु इंग्रजांनी व मागाहून भारतानेही पोर्तुगीजांची सत्ता मुकाट्याने मानली, म्हणून ती खरी ठरली! फौज नेण्याचा हक्क मात्र पोर्तुगालला मिळाला नाही, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही असाच निर्णय झाला.

आशियाने आपला कायदा जगापुढे मांडावयाचा, तर आपली दफ्तरे आपण वाचली पाहिजेत आणि वेळेवर बोलले पाहिजे, असे आम्हांस वाटते. सनदेने जे दिले नव्हते, ते आपल्या मौनाने देऊन टाकले.