पाय मोजून मगच पादत्राण
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षाचा ताळेबंद आपणांसमोर ठेवलाच आहे. त्यातील ‘पादत्राणे वाटप’ या एका नोंदीविषयी मात्र थोडे सविस्तर बोलण्याची अनुज्ञा असावी. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आकडे जुळले की काम पूर्ण झाले, असे मानण्याची आमची जुनी सवय. ती सवय या नोंदीने मोडली.

काही वर्षांपूर्वी एका दानशूर गृहस्थांच्या साहाय्याने आम्ही अहेरी परिसरातील रुग्णांना चपलांचे जोड वाटले. क्रमांक पाहून जोड दिले, सह्या आणि अंगठे घेतले, हिशेब पैन् पै जुळला. घेणाऱ्यांत एक वृद्ध आजी होत्या. त्यांना पूर्वी कुष्ठरोग झाला होता. औषधोपचाराने रोग बरा झाला, परंतु पावलांची गेलेली संवेदना परतली नव्हती. शिवाय पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेले होते. चपलेचा पट्टा नेमका त्या उंचवट्यावर घासत राहिला. आजींना दुखलेच नाही. मिळालेल्या वस्तूचा मान राखून त्यांनी ती रोज वापरली. त्या परत आल्या तेव्हा जखम हाडापर्यंत पोहोचली होती. अंगठा काढावा लागला. आमच्या नोंदवहीत मात्र त्या ‘लाभार्थी’ म्हणूनच राहिल्या.

अंगठ्याच्या मुळाशी येणाऱ्या या उंचवट्याला डॉक्टर मंडळी ‘बनियन’ म्हणतात. हे नाव प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस अंगातल्या कपड्याचीच आठवण झाली. वस्तुतः त्यात अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे झुकतो आणि त्याच्या मुळाचा सांधा आतल्या बाजूने बाहेर डोकावू लागतो. ही ठेवण पुष्कळदा घराण्यातून येते, स्त्रियांमध्ये अधिक आढळते, संधिवातातही उद्भवते. परंतु अरुंद पादत्राणाचा वाटाही मोठा आहे. १९५८ साली हाँगकाँग येथील पाहणीत बूट वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांत हा दोष दिसला, तर अनवाणी राहणाऱ्यांत तो २ टक्क्यांहूनही कमी होता. म्हणून कोणी अनवाणी फिरावे, असे आमचे म्हणणे नाही. तेंदूपाने तोडण्यास रानात जाणाऱ्यांना काटे, खुंट आणि साप यांची भीती असतेच. पादत्राण हवेच, पण ते पायाच्या आकाराचे हवे.

दुखणारा पाय निदान तक्रार तरी करतो. बधिर पाय तेही करीत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले की, कुष्ठरुग्णांची बोटे रोगामुळे आपोआप झडत नाहीत. संवेदना नसल्याने होणाऱ्या आणि दुर्लक्षित राहणाऱ्या जखमांमुळे ती जातात. त्यातूनच मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे एमसीआर, चपला पुढे आल्या. आत मऊ थर, खाली काटा न शिरणारा कठीण तळ, मागे पट्टा आणि कोठेही खिळा नाही, अशी त्यांची रचना असते. वरोऱ्यास बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, त्या आपल्या मुलखाला हा विषय परका नाही. २००५ च्या डिसेंबरात देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले, तरी गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतून रोग गेलेला नाही. शिवाय मधुमेहाने बधिर झालेले पायही आता आमच्या दारी येऊ लागले आहेत.

रुग्णांच्या आप्तेष्टांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दिवसभरात पाय सुजतो, म्हणून खरेदी सायंकाळी करावी. दोन्ही पायांचे माप उभे राहून घ्यावे आणि मोठ्या पायाचे माप धरावे. कोऱ्या कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ आखावी, आकृती कापून पादत्राणात घालावी. कागद दुमडला तर ते पादत्राण अरुंद आहे, असे समजावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, चवड्याशी ऐसपैस असावे, टाच बुटकी असावी. वरचा भाग मऊ असावा आणि उंचवट्यावर शिवण किंवा पट्टा येऊ नये. बोटांत अडकणारी चप्पल अशा पायास काचते. ‘वापरून सैल होईल’ या दुकानदाराच्या आश्वासनावर विसंबू नये. चांगल्या पादत्राणाने वाकडा अंगठा सरळ होत नाही, दुखणे मात्र पुष्कळ कमी होते. तरीही दुखत राहिल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाय बधिर असल्यास नवे पादत्राण प्रारंभी तास-दोन तासच वापरावे, घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा आणि रोज रात्री घरातील कोणीतरी पाय नीट पाहावेत. लाली किंवा फोड दिसताच ते पादत्राण बंद करावे.

आता पाऊल आखल्याशिवाय आम्ही कोणासही जोड देत नाही आणि पंधरा दिवसांनी पाय पुन्हा पाहिल्याशिवाय नोंद पूर्ण धरीत नाही. त्यामुळे वाटपाचा आकडा घटला आहे आणि प्रत्येक जोडामागचा खर्च वाढला आहे. ताळेबंदात ही बाब काही विश्वस्तांच्या नजरेस खटकली, ते स्वाभाविकच आहे. त्याचे उत्तर म्हणूनच हे निवेदन केले.

देणगीदारांस आमची नम्र विनंती आहे की, तयार जोडांची पोती पाठवू नयेत. त्याऐवजी माप घेणाऱ्या कार्यकर्त्याचे मानधन, मऊ रबराचे तक्ते आणि चपला बांधणाऱ्या कारागिराची मजुरी यांचा भार उचलावा. अशा देणगीचे छायाचित्र चांगले निघत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्या आजी आजही ड्रेसिंगसाठी येतात, तेव्हा आम्ही त्यांच्या पायाकडे पाहतो आणि जुनी नोंदवही आठवते. तसा हिशेब पुन्हा जुळवण्याची आमची इच्छा नाही.