वाडा आणि माळवद
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपणांपैकी बहुतेकांची मुळे नांदेड-लातूरकडील खेड्यांत आहेत. आणि खेडे म्हटले की वाडा आठवतो. मोठा दरवाजा, आत शिरताच ढाळज, पुढे चौक, सोपा, देवघर, आणि अंधाऱ्या खोलीत धान्याचे बळद. सागवानी तुळयांवर लाकडाचे छत आणि त्यावर मातीचा जाड थर, हे माळवद. भर वैशाखात त्याखाली घोंगडे टाकून निजावे, असा गारवा! ढाळजेत गावचे तंटे तुटत. घरचे कागद, काही मोडीत, काही निजामी अमलातील उर्दूत, लाकडी पेटीत राहत. बळदातील ज्वारी ज्या सालगड्यांनी पिकविली, त्यांची नावे मात्र आमच्या पेटीत मला आढळली नाहीत.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. वाड्यांचा रुबाब उतरला. मुले शिक्षणासाठी शहरांकडे गेली.

भिंती तेवढ्या उभ्या होत्या. त्यांचा दोष ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उघड झाला. किल्लारीच्या भूकंपात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. भिंती दोन-अडीच फूट रुंद खऱ्या. पण आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन पदर, मध्ये चिखल आणि गोटे, दोहोंना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवदावर गळती थांबविण्यासाठी पावसाळ्याच्या तोंडी नवी माती पडे. जुनी कोणी काढीत नसे. पिढ्यान् पिढ्या गारवा देणारे छतच अंगावर आले.

पुढे अनेकांनी भयाने पत्रे घातले. उन्हाळ्यात त्याखाली बसवत नाही, ही गोष्ट वेगळी! कंधारकडील आमच्या वाड्याच्या चार वाटण्या झाल्या. दोहोंवर पत्रे आहेत. जुन्या खांबांसाठी व्यापारी दरवर्षी येतो. माझ्या मते वाडा विकू नये आणि होता तसा ठेवूही नये. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सोप्यावरील माती बरीचशी उतरविली, तेव्हा वृद्ध चुलते दोन दिवस जेवले नाहीत. अभियंत्याच्या सल्ल्याने भिंतीत आरपार दगड बसविण्याचे काम निम्मे झाले आहे. उरलेल्या खर्चाचा निर्णय दिवाळीत भावंडे जमतील तेव्हा व्हायचा आहे. तोवर, आपल्यात कोणी मोडी वाचणारे असतील, तर त्यांनी सभेनंतर मला अवश्य भेटावे. पेटी मी सोबत आणली आहे.