कंपवात आणि धातूंचे कण



अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वालधुनी नदी वाहते. इ. स. 1060 मधील तें मंदिर अजून उभें आहे. नदी मात्र अंबरनाथ-उल्हासनगरच्या सांडपाण्यानें काळवंडली आहे. तें पाणी पाहून मनांत शंका येते कीं, घरांतील वडीलधाऱ्यांचा हात कांपतो, तो यांतील धातूंमुळें तर नव्हे?

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनीं 1817 सालीं या कंपवाताचें वर्णन केलें. मेंदूच्या मध्यभागांतील एका काळसर थरांतील पेशी झिजतात, डोपामिन नांवाचें द्रव्य कमी पडतें आणि हालचालींवरील ताबा सुटूं लागतो. त्या थरांत लोह अधिक सांचलेलें आढळतें. पण तें रोगाचें कारण कीं परिणाम, याचा निर्णय झालेला नाहीं. बहुतेक रोग्यांत वय, आनुवंशिकता व परिस्थिति यांचें मिश्रण असतें. म्हणून प्रत्येक कंपाचा दोष नदीला देणें न्याय्य नव्हे.

परंतु एका धातूचा अपराध सिद्ध आहे. तो म्हणजे मँगनीज. 1837 सालीं जॉन कूपर यांनीं ग्लासगो येथें मँगनीज दळणाऱ्या मजुरांचे पाय दुर्बळ होत असल्याचें नोंदविलें. आपल्याकडे नागपूर व भंडारा जिल्ह्यांत याच्या खाणी आहेत. आणि पोलाद सांधणाऱ्या वेल्डिंगच्या धुरांतहि तो असतो. अंबरनाथ-बदलापूरसारख्या कारखानदारीच्या गांवीं हें विसरून चालणार नाहीं.

अन्नांतून अल्प मँगनीज शरीराला हवेंच असतें. जास्त झालेलें यकृत पित्तावाटे बाहेर टाकतें. श्वासावाटे गेलेली धूळ मात्र यकृताची ही चौकी चुकवून रक्तांत व मेंदूंत पोंचते. तेथें ती शेजारच्या दुसऱ्याच भागाला इजा करते. रोगी चवड्यांवर कोंबड्यासारखा चालतो, मागें तोल जातो, आणि कंपवातावरील लेव्होडोपा या औषधाचा त्याला फारसा गुण येत नाहीं. म्हणून हे दोन रोग वेगळे ओळखले पाहिजेत.

हें वेळींच ओळखलें व त्या माणसाला धुरांतून दूर केलें, तर पुढील हानि टळण्याची आशा असते. "वय झालें" म्हणून गप्प बसल्यास ती संधि जाते. बंदिस्त शेडमध्यें धूर बाहेर ओढणारा पंखा हवा, कामगाराला योग्य मुखपट्टी हवी; आणि वैद्याकडे जातांना जसें वय सांगतां, तसाच धंदाहि सांगा.